२९ वेळा मेलोय, आता नको वाटतंय

पत्र थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी ३६ वर्षांचा. ११ वर्षं झाली, सिनेमात आणि सिरीजमधे चरित्र भूमिका करतोय. चेहरा राकट, डोळे खोल गेलेले, गालावर लहानपणचा व्रण. ४० च्या आसपास कामं झाली, त्यातल्या २९ मधे मी मेलोय, उरलेल्यात मी कुणालातरी मारलंय किंवा नुसताच अंधारात उभा राहिलोय. आता एकाच आठवड्यात दोन कामं आलीत. एका हॉररमधे जुन्या घराचा राखणदार, १२ दिवस, पैसे चांगले, पण असाच राखणदार मी याआधी तीनदा केलाय. दुसरं एका क्राईम फिल्ममधे, खुनाचा साक्षीदार, एकच सीन, एकच दिवस, पैसे नावापुरते. तारखा एकमेकींवर येतायत. आणि खरं सांगायचं तर दोन्ही सोडून वर्षभर असली सगळी कामं नाकारावीत असं वाटतंय, म्हणजे शिक्का तरी पुसला जाईल. घरी पण त्रास आहे, माझ्या ६ वर्षांच्या मुलीने कुणाच्यातरी मोबाइलवर माझा एक सीन बघितला आणि दोन दिवस ती माझ्याजवळ आली नाही. काय करू? नाव छापू नका."

तू ताई म्हणालास म्हणून सरळ अरेतुरेवर येते. मी बरीच वर्षं कास्टिंगमधे असिस्टंट होते आणि हे शिक्के मी स्वतःच्या हाताने मारलेत, म्हणून ते कसे बसतात ते आधी सांगते. आमच्याकडे फोटोंचे फोल्डर असायचे, 'वडील', 'डॉक्टर-वकील', 'गुंड', 'भूत-वेडा' असे, आणि नवीन माणूस आला की पाच मिनिटांत चेहऱ्यावरून तो कुठल्यातरी फोल्डरमधे जायचा. मग कधीतरी संध्याकाळी फोन यायचा की उद्या सकाळी एक गुंड हवाय, ठरलेला माणूस आजारी पडलाय, मग मी फोल्डर उघडायचे आणि मागच्या वेळी जो वेळेवर आला, मार्कवर, म्हणजे आखून दिलेल्या जागेवर, उभा राहिला आणि दोन टेकमधे काम संपवून गेला त्यालाच फोन लावायचे. तुला २९ वेळा मरायला बोलावलं कारण तू नीट मरतोस रे. ते काही सोपं नसतं. कॅमेरा तोंडावर, श्वास अडवून धरलेला, पापणी हलली की शॉट गेला, आणि समोरची नटी तुझ्या छातीवर डोकं टेकून रडतेय आणि तिचा टेक चांगला चाललाय म्हणून दिग्दर्शक कट म्हणत नाही. हे ज्याला जमतं त्याचं नाव आम्ही वहीत वेगळं लिहून ठेवायचो.

आता वर्षभर सगळं नाकारायचं म्हणतोस ते. नको करूस. तू घरी बसलास तर बाहेर कुणालाही कळणार नाही की तू चांगल्या कामाची वाट बघतोयस, त्यांना एवढंच कळेल की फोन केला तर हा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा फोन येणारच नाही, आणि तुझा फोटो असेल त्याच फोल्डरमधे राहील, फक्त खाली जाईल. फोटो दुसऱ्या फोल्डरमधे जाताना मी कधी बघितलाय सांगू? कुणीतरी एक नवीन क्लिप पाठवली आणि ती बघून आमच्यातलं कुणीतरी "अरे हा असंही करतो?" म्हणालं की मग जायचा. दुसरं काही कारण मला तरी आठवत नाही.

एलिशा कुक ज्युनियर, हॉलिवूडचा जुना चरित्र नट, हे नाव तुला माहिती असेल तर ठीक, नसेल तर या आठवड्यात त्याची कामं शोधून बघ. १९०३ चा जन्म, बारीक अंगाचा, बुटका, मोठाले डोळे. १९४१ च्या 'द माल्टीज फाल्कन'मधे पिस्तूल बाळगणारं पोरगं केलं आणि त्यानंतर आयुष्यभर क्राईममधे मार खाणारा, फसणारा, मरणारा माणूस म्हणूनच त्याला बोलवलं. 'द बिग स्लीप'मधे (१९४६) त्याला विष पाजून मारतात. 'शेन'मधे (१९५३) चिखलात गोळी खाऊन पडतो. 'द किलिंग'मधे (१९५६) रेसकोर्सवरचा कॅशियर आहे, बायको किंमत देत नाही आणि तिला खूश करायच्या नादात तो सगळा दरोडा बुडवतो. पुढे हॉरर सुरू झाले, १९५९ चा 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल', १९६८ च्या 'रोझमेरीज बेबी'मधे सुरुवातीला फ्लॅट दाखवणारा माणूस, १९७२ चा 'ब्लॅक्युला'. आणि ऐंशीच्या दशकात, पंचाहत्तरी उलटल्यावर टीव्ही सिरीजमधे परत परत येणारं पात्र. म्हणजे पन्नास वर्षांच्या आसपास हा माणूस काम करत राहिला, मुख्य भूमिका जवळपास नाहीच, आणि शूटिंग नसेल तेव्हा डोंगरात एका छोट्या गावात जाऊन मासे पकडायचा.

तो का टिकला याचा मी खूप विचार केलाय, कारण तसल्या चेहऱ्याचे अजून शंभर जण तेव्हा होते. मला सापडलेलं उत्तर असं की कुकने दुसऱ्याला घाबरवायचा प्रयत्नच फार कमी वेळा केला. तो स्वतः घाबरलेला असायचा. हातात पिस्तूल आहे आणि तरी हा आतून थरथरतोय, हे दिसतं. 'द बिग स्लीप'मधला तो विषाचा सीन बघ, समोरचा विचारतोय ती बाई कुठंय, आणि हा घाबरत घाबरत चुकीचा पत्ता सांगतो, तिला वाचवतो आणि ग्लास पितो. फार मोठी भूमिका नाहीये पण त्या माणसाचं प्रेम, त्याची भीती आणि त्याची अब्रू तिन्ही त्यात बसलंय. पीटर लॉरे या नटाचंही तेच, १९३१ च्या 'एम' या सिनेमात तो लहान मुलांचा खुनी, त्याच्यापेक्षा किळसवाणं पात्र कुठलं सांगणार, आणि शेवटी गुन्हेगारांनीच भरवलेल्या कोर्टात तो जे बोलतो तेव्हा सगळ्यात जास्त घाबरलेला तोच असतो, बघणाऱ्याला त्याची दया येते आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही येतो.

म्हणून पत्रातला "नुसताच अंधारात उभा राहिलोय" हा भाग मला खटकला. उभं राहताना त्या माणसाला कशाची भीती वाटत होती ते तू ठरवलं होतंस का? ४० मधल्या किती कामात ठरवलं होतंस? खरं उत्तर मला कळवायची गरज नाही, स्वतःलाच दे.

दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुला नुसतीच गोड गोष्ट सांगितल्यासारखं होईल. ड्वाइट फ्राय नावाचा नट होता, नाटकातून आलेला, रंगभूमीवर विनोदीसुद्धा केलेला. १९३१ या एका वर्षात त्याने 'ड्रॅक्युला'मधला माशा-कोळी खाणारा रेनफिल्ड केला, 'फ्रँकेन्स्टाईन'मधला कुबडा नोकर केला, आणि 'द माल्टीज फाल्कन'चा जो पहिला सिनेमा निघाला होता त्यात तेच पिस्तूलवालं पोरगं केलं, जे दहा वर्षांनी कुकने केलं. एकच भूमिका, दोन नट. फ्रायचा रेनफिल्ड आजही अंगावर येतो, विशेषतः ते हसणं. पण मग त्याला वेडे, कुबडे आणि नोकर याशिवाय कुणी काही दिलं नाही, भूमिका लहान लहान होत गेल्या, युद्धाच्या काळात तो विमानाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा. १९४३ मधे एका मोठ्या सिनेमात चक्क मंत्र्याची, साध्या सभ्य माणसाची भूमिका त्याला मिळाली, आणि शूटिंग सुरू व्हायच्या आत हार्टअटॅकने गेला. वय ४४. त्याने काय चुकीचं केलं असं विचारशील तर मला तरी काही सापडत नाही. तो काळ तसा होता, स्टुडिओंना ओळखीचा माल पटापट हवा होता, आणि नशीबही होतंच. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही की या कामात माणूस सगळं बरोबर करूनही अडकू शकतो.

फक्त एक धरून ठेव, चरित्र नटाचं घड्याळ हिरोसारखं चालत नाही. बोरिस कार्लोफने 'फ्रँकेन्स्टाईन'मधला राक्षस केला तेव्हा तो ४३ चा होता आणि त्याआधी सत्तर-ऐंशी सिनेमांत छोटी कामं करून झाली होती, त्यातलं बरंचसं गुंड आणि खलनायकाचं. लिन शे ही नटी १९४३ ची, १९८४ मधे एका गाजलेल्या हॉररमधे शाळेतल्या बाईंची लहानशी भूमिका केलेली, आणि 'इन्सिडियस' हा हॉरर २०१० मधे आला तेव्हा ती ६६ वर्षांची होती. पहिल्या भागाच्या शेवटी तिचं पात्र मरतं बरं का, तरी लोकांना ती इतकी आवडली की पुढच्या भागांत तिला आणावंच लागलं आणि चौथ्या भागात तर मुख्य पात्रच ती. तू ३६ चा आहेस, तुझा चेहरा अजून दहा वर्षांनी आजच्यापेक्षा जास्त कामाचा होईल.

बरं, आता तुझी दोन कामं. आधी दोन्हीकडे फोन कर, लगेच नाही म्हणू नकोस. १२ दिवसांच्या शेड्युलमधून एक दिवस काढून देणं हे प्रॉडक्शनवाल्यांचं रोजचं काम आहे, फक्त ते शेड्युल लॉक व्हायच्या आधी विचारावं लागतं, एकदा लोकेशन आणि बाकीच्यांच्या तारखा बसल्या की मग कुणी ऐकत नाही. लपवाछपवी करू नकोस, "माझा एक दिवस दुसरीकडे अडकतोय, आधी किंवा मागे सरकेल का" एवढंच सरळ विचार. माझा अंदाज आहे की दहातल्या सात वेळा जमतं.

नाही जमलं तर साक्षीदार घे, असं मी म्हणेन, पण त्याला एक अट आहे, घरात या महिन्याचे पैसे सुटत असतील तर. सुटत नसतील तर राखणदार घे आणि त्याबद्दल मनात काहीही वाईट वाटून घेऊ नकोस, घर चालवणारं काम हलकं नसतं. साक्षीदार का, तर त्याच्याकडे हवं-नकोसं काहीतरी आहे. त्याने खून बघितलाय आणि आता समोर बसून तो एकतर खरं सांगतोय किंवा खोटं, आणि दोन्हीत त्याचं काहीतरी जाणार आहे. एका सीनमधे माणूस पूर्ण दाखवायची ती जागा आहे. 'अर्धसत्य' (१९८३) मधला रामा शेट्टी आठव. सदाशिव अमरापूरकर किती सीनमधे आहेत? मोजकेच. आरडाओरडा नाही, डोळे वटारणं नाही, घरच्यासारखा बसलेला माणूस, आणि त्या बसण्यातच सगळी दहशत. वर्षानुवर्षं नाटक करून आलेला नट होता तो, पण सिनेमावाल्यांना कळायला तेवढेच सीन पुरले.

आणि राखणदार केलास, आता किंवा पुढे कधी, तर चौथ्यांदा तोच करू नकोस. 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल'मधे कुकचं काम जवळजवळ तुझंच आहे, भुताच्या घराबद्दल सगळ्यांना सावध करणारा माणूस. पण तो त्या घराचा मालक आहे, त्याचा सख्खा भाऊ तिथे मारला गेलाय, आणि त्या घरात रात्र काढायला तो स्वतःच टरकलेला आहे म्हणून सतत पितोय. त्यामुळे "या घरात जाऊ नका" टाइप वाक्यं त्याच्या तोंडून आली की धमकी वाटत नाहीत, आठवण वाटतात. तुझ्या राखणदाराला कारण दे. स्क्रिप्टमधे नसेल तर दिग्दर्शकाला वाचनाच्या वेळी विचार की हा इतकी वर्षं हे घर सोडून का गेला नाही? चांगला दिग्दर्शक असेल तर खूश होईल, कदाचित एखादी ओळही वाढवून देईल. त्याच्याकडे उत्तर नसेल तर तू तुझं ठरव आणि कुणाला सांगू नकोस, फक्त दार उघडताना ते मनात असू दे. एखादी वस्तू घे हातात, किल्ल्यांचा जुडगा तर असतोच, त्यातली एक किल्ली तो कधीच हात लावत नाही असं ठरवलंस तरी पुरे.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस, पण मी बोलणार कारण या प्रकारच्या कामात शरीराची फार वाट लागते आणि कुणी लक्ष देत नाही. कार्लोफला तो राक्षसाचा मेकअप चढवायलाच चार-एक तास लागायचे, वर जड बूट, आणि डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाला खांद्यावर टाकून टेकडी चढायचे टेक पुन्हा पुन्हा झाले, पाठीचं दुखणं पुढे आयुष्यभर राहिलं. तो नंतर, १९३३ मधे, नटांची युनियन उभी करणाऱ्या पहिल्या लोकांत होता, आणि ते मला अगदी समजतं. टोनी टॉड या नटाने 'कॅन्डीमॅन' या हॉररसाठी (१९९२) खऱ्या मधमाश्या अंगावर आणि तोंडात घेतल्या, पण आधीच ठरवून घेतलं की प्रत्येक डंखाला १००० डॉलर वेगळे, आणि २३ डंख बसल्याचं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. म्हणजे भीतीच्या कामाची किंमत आधी लिहून घेतली. तुझ्याकडे तेवढी ताकद नसेल, तरी मेकअपचे तास कामाच्या तासात धरणार का, लेन्स घातल्यावर मधे काढायला वेळ देणार का, पडायचं-आपटायचं तू करणार की स्टंटवाला, हे होकार देण्याआधी विचार आणि मेसेजवर लिहून घे. नवीन मटेरियल लावायचं असेल तर आदल्या दिवशी हातावर थोडं लावून बघायला सांग. आणि ओरडायचे सीन दिवसाच्या शेवटी ठेवता आले तर ठेवायला सांग, गळा एकदा बसला की पुढचे चार दिवस डायलॉग गेले. हे विचारल्याने माणूस कटकट्या ठरतो ही भीती प्रत्येक नटाला वाटते. कास्टिंगच्या बाजूने सांगते, नीट शब्दांत विचारणाऱ्याला आम्ही कटकट्या म्हणत नव्हतो, ऐन शॉटच्या वेळी अडून बसणाऱ्याला म्हणायचो.

शिवाय याच्या बाजूला काहीतरी वेगळं चालू ठेव. नाटक मिळालं तर नाटक, नाहीतर आवाजाचं काम, तिथे गालावरचा व्रण कुणाला दिसत नाही. कार्लोफचा आवाज लहान मुलांच्या गोष्टींसाठी वापरला गेला आणि त्यातल्या एका रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं, जगाला घाबरवलेला माणूस होता तो.

लेकीचं आता. हे मी शेवटी घेतलं पण मला तेच सगळ्यात जास्त लागलं. आपल्याकडे निळू फुल्यांचं सगळ्यांना माहितीये, पडद्यावर इतका बेरकी माणूस की गावोगावच्या बायका त्यांना बघून खरंच घाबरायच्या, आणि प्रत्यक्षात सेवा दलात वाढलेला, अतिशय सज्जन, हळू बोलणारा माणूस. मोठ्यांना जिथे फरक कळायला वेळ लागतो तिथे ६ वर्षांच्या पोरीला कसा कळेल, तिने तर बाबाच बघितला ना मोबाइलवर. तिला "ते खोटं असतं गं" एवढं सांगून भागणार नाही. तिला ते तयार होताना दाखव. 'फ्रँकेन्स्टाईन'मधे तळ्याकाठी राक्षसाबरोबर फुलं पाण्यात टाकणारी छोटी मुलगी आहे, मॅरिलिन हॅरिस, सातेक वर्षांची. शूटिंगला निघताना सगळ्यांना काळजी की ही त्या मेकअपमधल्या कार्लोफला बघून किंचाळणार, आणि ती सरळ त्याच्याकडे गेली, हात धरला आणि म्हणाली मी तुझ्याबरोबर गाडीत बसू का. ही गोष्ट मला फार आवडते. तुझ्या लेकीला सुट्टीच्या दिवशी समोर बसव, आरसा ठेव, आणि एक साधी जखम तिच्यासमोर कर, लाल रंग आणि थोडा गम, मग तिलाच तुझ्या दुसऱ्या गालावर करू दे. मग पुसताना पण तिलाच पुसू दे, कापूस तिच्या हातात दे, तुझा चेहरा खालून परत निघतो हे तिच्या बोटांना कळू दे. तो सीन मात्र परत दाखवू नकोस, पाच-सहा वर्षं तरी. तिला विचारावंसं वाटलं तर ती विचारेल, तेव्हा "त्या माणसाला कशाची तरी भीती वाटत होती म्हणून तो तसा वागत होता" असं सांग, पोरांना हे पटकन कळतं.

साक्षीदाराचं ठरलं तर पॅकअपच्या आधीच दिग्दर्शकाला विचारून ठेव की सिनेमा आल्यावर तेवढ्या सीनची क्लिप मिळेल का, नंतर सगळे पांगतात आणि मग कुणी फोन उचलत नाही. मिळाली की ती शोरीलमधे, म्हणजे कास्टिंगला पाठवायच्या तुझ्या निवडक सीनच्या व्हिडिओत, सगळ्यात पहिली लाव, मरण्याचे सीन त्याच्यामागे.